वार्षिक अहवालांतील एक रकाना

गेल्या फाल्गुन महिन्यांतील गोष्ट. सायंकाळीं आम्ही पडवींत आरामखुर्चीवर बसलों होतों, तोंच आमची नात हातांत कागदांची चळत घेऊन पुढें उभी राहिली. "आजोबा, एवढें मराठी तपासून द्या. परवां सरांना द्यायचें आहे," ती म्हणाली. ही मुलगी आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाची. परंतु एकत्र कुटुंबांत नात ही सर्वांचीच नात असते, आणि सेवानिवृत्त शिक्षक हा सर्वांचाच बिनपगारी तपासनीस असतो. गोंदियांतील एका महाविद्यालयांत ती विज्ञानशाखेच्या शेवटच्या वर्षांत शिकत होती.

आम्ही चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली व मथळा वाचला : 'विद्यार्थी विकास विभाग, वार्षिक प्रगतीचा अहवाल.' मथळ्यांत शुद्धलेखनाची चूक नव्हती. तरी आमच्या कपाळास आठी पडली. विद्यार्थ्याची प्रगति परीक्षेच्या निकालावरून समजते, एवढेंच आम्हांस आजवर ठाऊक. मग हा निराळा विभाग कसली प्रगति मोजतो? आम्ही पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. सुख आणि विद्या यांचें वैर सांगणारें तें प्रसिद्ध सुभाषित त्या काळांत आम्ही प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहिलें असेल. विद्यार्थ्यानें ताटांत काय पडतें तें पाहूं नये, अंथरूण मऊ कीं खरखरीत याची चौकशी करूं नये, हें आमचें मत. आणि तें आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत असूं. नातीसहि आम्ही तेंच ऐकविलें. ती म्हणाली, "आजोबा, आधीं वाचा तर खरें. मग रागवा."

तेव्हां वाचूं लागलों.

प्रथम नांवाविषयीं. विद्यापीठांत या कामास पूर्वीं 'विद्यार्थी कल्याण' असें म्हणत. महाराष्ट्रांतील सार्वजनिक विद्यापीठांविषयींचा जो कायदा २०१६ सालीं झाला, त्यानें तेथें 'विद्यार्थी विकास' हा शब्द आणिला, आणि प्रत्येक विद्यापीठांत त्यासाठीं एक मंडळ व एक संचालक ठरवून दिला. शब्दांतील हा फरक लहान नाहीं. कल्याण दुसऱ्यानें करावयाचें असतें. विकास ज्याचा त्यानें साधावयाचा, दुसऱ्यानें केवळ वाटेंतील धोंडे बाजूस सारावयाचे. आमचें गोंदिया नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रांत मोडतें. हें विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. २००५ पासून त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव आहे. आणि २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघाल्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे त्याजकडे राहिले. म्हणजे नागपूरच्या भर वस्तींतील विद्यार्थी आणि आमच्या देवरी-सालेकशाच्या जंगलांतून येणारा विद्यार्थी हे एकाच विद्यापीठाचे. परंतु दोघांच्या वाटेंतील धोंडे सारखे नव्हेत.

अहवालांत सर्वांत लांब वृत्तांत राष्ट्रीय सेवा योजनेचा होता. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकानें दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावें व एका खेड्यांत सात दिवसांचें शिबिर करावें, असा तिचा नियम आहे. आमच्या नातीनें व तिच्या मैत्रिणींनीं शिबिरांत एका बोडीचा गाळ काढला होता, आणि धानाच्या बांधींत चिखलणी कशी करितात हें म्हाताऱ्या बायांकडून समजून घेतलें होतें. त्यापुढें 'कमवा आणि शिका' योजनेची हकीकत. गरीब विद्यार्थ्यानें दिवसांतून कांहीं तास ग्रंथालयांत, बागेंत वा कचेरींत काम करावें व तासाप्रमाणें मोबदला घ्यावा. या विचाराचें मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांपर्यंत जातें. त्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढिली, आणि १९४७ सालीं साताऱ्यास जें महाविद्यालय स्थापिलें त्यांत श्रम करून शिकण्याची वाट मोकळी ठेविली. दान घेणाऱ्याची मान खालीं जाते, श्रम करणाऱ्याची जात नाहीं, हें त्यांनीं जाणलें होतें.

आणखीहि पुष्कळ होतें. नव्या विद्यार्थ्यांचा छळ करण्याच्या प्रकारास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९९९ सालींच केला. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं नियम केले. त्यांप्रमाणें प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थी आणि पालक या दोघांनींहि तसें न करण्याचें लेखी वचन द्यावयाचें असतें. मन फार खचलें असतां दिवसा वा रात्रीं केव्हांहि बोलतां यावें म्हणून केंद्र सरकारनें २०२२ सालीं टेलिमानस नांवाची सेवा काढिली. तिचा १४४१६ हा क्रमांक महाविद्यालयाच्या भिंतीवर लाविला असल्याची नोंद होती. आठ लक्ष रुपयांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं पूर्ण माफ केलें. ती माहिती गांवोगांव सांगितल्याचाहि उल्लेख होता.

आमची पेन्सिल मात्र थांबली नव्हती. प्रत्येक कार्यक्रम 'मोठ्या उत्साहांत संपन्न' झाला होता आणि प्रत्येक पाहुण्यानें 'मोलाचें मार्गदर्शन' केलें होतें. आम्ही नातीस म्हणालों, "अग, वर्षभरांत तुमचा एकहि कार्यक्रम फसला नाहीं काय?" ती हसून म्हणाली, "फसले ना आजोबा, पण ते अहवालांत घालत नाहींत."

इतक्यांत शेवटच्या पानावर एक लहानसा रकाना दिसला. त्यास उत्साह नव्हता, पाहुणा नव्हता, छायाचित्रहि नव्हतें. 'खोली करून राहणाऱ्या आजारी विद्यार्थ्यांची विचारपूस', एवढाच मथळा. आणि त्याखालीं तारखा. येथें आमची पेन्सिल थांबली. नातीनें विचारिलें, "काय झालें आजोबा? चूक आहे का?" आम्ही म्हणालों, "नाहीं. उद्यां देतों." आणि कागद उशाखालीं ठेवून दिले.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. जी गोष्ट आम्ही पन्नास वर्षें घरांत कोणासहि सांगितली नाहीं, ती त्या रकान्यानें उघड्यावर आणिली होती.

१९७४ सालीं आम्ही जुनी अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालों. गुण बरे होते. वडिलांनीं घरांतील दागिना मोडून आम्हांस नागपुरास महाविद्यालयांत घातलें. एका वाड्यांत माडीवरची खोली घेतली. शेजारच्या खोल्यांतील मुलें दिवाळीच्या सुटींत आपापल्या गांवीं गेलीं. आम्ही अभ्यासाच्या लोभानें मागें राहिलों. दुसऱ्याच दिवशीं हिवताप भरला. चार दिवस आम्ही त्या खोलींत पडून होतों. माठांतील पाणी तिसऱ्या दिवशीं संपलें. खालीं फराळाच्या तळणीचा वास येई, मुलांचे फटाके ऐकूं येत. जिना चढून मात्र कोणी आलें नाहीं. त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता; माडीवर कोणी आहे हेंच त्यांस ठाऊक नव्हतें. पांचव्या दिवशीं ताप उतरल्यावर भिंत धरून आम्ही खालीं आलों, स्टेशन गांठलें, आणि गोंदियाच्या पॅसेंजरमध्यें बसलों. पुन्हां नागपुरास गेलों नाहीं.

घरीं आम्ही सांगितलें, "तिकडची हवा मानवत नाहीं." वडील कांहीं बोलले नाहींत. पुढें आम्ही अध्यापनाची पदविका घेतली, एका शास्त्रीबुवांपाशीं बसून संस्कृत शिकलों, आणि शिक्षक झालों. आमच्या नांवापुढें 'मॅट्रिक' एवढेंच राहिलें. परंतु खरें कारण हवा नव्हती, तापहि नव्हता. चार दिवस आपण कोठें दिसलों नाहीं, हें एवढ्या मोठ्या शहरांत एकाहि जिवाच्या लक्षांत आलें नाहीं, हें आम्हांस सोसलें नाहीं. आणि ज्यास तें सोसलें नाहीं, तोच मनुष्य पस्तीस वर्षें फळ्यावर सुभाषित लिहून मुलांस सांगत राहिला, कीं कष्ट सोशील त्यासच विद्या मिळते!

येथेंच हें थांबतें तर आमचें नुकसान आमच्यापुरतें राहिलें असतें. तसें झालें नाहीं. १९९६ च्या सुमाराची गोष्ट. त्या वेळीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजीं तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. सालेकशाकडील जंगलभागांतील एक मुलगी आमच्या वर्गांत होती. तिची घरची बोली गोंडी. मराठी तिची दुसरी भाषा, संस्कृत तिसरी. तरी विभक्ति-प्रत्यय तिच्याइतके निर्दोष म्हणणारें दुसरें कोणी वर्गांत नव्हतें. ती बारावी होऊन नागपुरास शिकावयास गेली. आश्विनांत तिचें एक कार्ड आलें. वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं, जेथें राहतें तेथें फार दिवस राहतां येणार नाहीं, एवढें लिहून शेवटीं तिनें विचारिलें होतें, "गुरुजी, नागपुरांत तुमच्या ओळखीचें कोणी आहे का?"

ओळखीचे होते. आमच्या मामांचें घरच तेथें होतें, आणि घरांत दोन खोल्या रिकाम्या होत्या. परंतु या जातीच्या मुलीस मामी घरांत ठेवून घेतील काय, स्वयंपाकघराचें कसें होईल, असे विचार आमच्या मनांत आले. आणि आम्ही मामांस विचारिलें देखील नाहीं. नकार मामींनीं दिला नाहीं, तो आम्हींच त्यांच्या नांवानें देऊन टाकिला. आम्ही त्या मुलीस उत्तर पाठविलें. त्यांत तें सुभाषित वळणदार अक्षरांत लिहिलें होतें, आणि खालीं आशीर्वाद. दिवाळीनंतर ती नागपुरास गेली नाहीं. तिचे वडील एकदां बाजारांत भेटले. "पोरगी आली परत, गुरुजी," एवढेंच ते म्हणाले. त्यांनीं आम्हांस नमस्कार केला. दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें.

आमगांवजवळच्या पदमपुराविषयीं आमच्या वाचकांनीं ऐकिलें असेल. भवभूतीनें आपलें घराणें विदर्भांतील पद्मपुरचें असें सांगितलें आहे, आणि तें पद्मपुर म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील हें गांव, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. या अभिमानानें आम्ही 'उत्तररामचरित' कितीदां तरी वाचलें. त्याच्या दुसऱ्या अंकांत आत्रेयी येते. ती विद्यार्थिनी आहे. गुरु हुशार व मंद अशा दोघांनाहि सारखीच विद्या देतो, परंतु फळ सारखें येत नाहीं, असें ती म्हणते. तेवढा भाग आम्हांस तोंडपाठ होता, कारण तो शिक्षकाच्या सोयीचा आहे! परंतु आत्रेयी तेथें आली कां? वाल्मीकींच्या आश्रमांत कुश-लव इतके तीव्र बुद्धीचे होते, कीं त्यांच्यासह पाठ घेणें तिला झेपेना. शिवाय वाल्मीकि रामायण रचण्यांत गुंतलेले. म्हणून ती वेदान्त शिकण्यासाठीं अगस्त्यांच्या आश्रमाकडे दण्डकारण्यांतून एकटी निघाली आहे. आणि अरण्यांत तिला भेटते कोण? वनदेवता वासंती. ती फळें-फुलें घेऊन सामोरी येते, तिला बसविते, कां निघालीस म्हणून विचारिते, सर्व ऐकून घेते, आणि मग पुढची वाट सांगते. उपदेश करीत नाहीं. बाराशें वर्षांपूर्वीं आमच्याच भूमीच्या कवीनें विद्यार्थी विकास विभागाचें काम एका प्रवेशांत लिहून ठेविलें होतें. आणि आम्ही मात्र सोयीचा श्लोक तेवढा उचलून वासंतीस वगळीत आलों!

कोणी म्हणेल, आपल्या घरांतून पूर्वीं हें होतच असे. होत असे, हें खरें. आमच्या आजोबांच्या घरीं दोन विद्यार्थी वार लावून जेवीत. बुधवारचा मुलगा आला नाहीं, तर आजी दुपारपर्यंत वाट पाही, आणि मग कोणास तरी त्याच्या बिऱ्हाडीं पाठवी. तेवढ्या चौकशीवर आम्ही १९७४ सालीं नागपुरांत टिकलों असतों. परंतु त्या पानावर बसणारा मुलगा आपल्याच जातीचा असे, हेंहि तितकेंच खरें. ज्यांच्यासाठीं पान मांडलें जात नव्हतें, त्यांच्यासाठीं कोणास तरी निराळीं घरें बांधावीं लागलीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९०१ पासून एकामागून एक समाजासाठीं वसतिगृहें उभीं केलीं, भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविलें, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ सालीं सोलापुरास वसतिगृह उघडिलें. आणि प्राचीन काळीं नालंदेस शेंकडों गांवांचें उत्पन्न लावून दिलेलें होतें, विद्यार्थ्यांस वस्त्र, अन्न, अंथरूण व औषध यांची विवंचना पडूं नये म्हणून. हें चिनी यात्रेकरूंनीं लिहून ठेविलें आहे. सुखानें विद्या बुडते, असें नालंदेस कोणास वाटलेलें दिसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही नातीस जवळ बसविलें आणि सांगितलें, "मराठी तपासलें आहे. पण एक रकाना कमी आहे. जूनमध्यें किती आले हें तुम्हीं लिहिलें. मार्चपर्यंत कितीजण सोडून गेले, आणि त्यांच्या घरीं कोण जाऊन आलें, हें कोठें आहे?" ती थोडी गप्प राहिली. म्हणाली, "तसा रकाना छापील नमुन्यांत नाहीं, आजोबा." आम्ही म्हणालों, "मग हातानें आंख." तिनें तें आपल्या प्राध्यापकांस सांगितलें. त्यांनीं विचार करून होकार दिला, आणि शिबिरांतील चारपांच मुलींस दोन रविवार बाहेर पाठविलें. जीं मुलें सोडून गेलीं होतीं त्यांतील एकीचें लग्न झालें होतें. एक मुलगा धानाच्या गिरणींत कामास लागला होता. आणि देवरीकडील एका मुलीची अडचण एवढीच होती, कीं तिच्या बँकेच्या खात्यास आधार क्रमांक जोडलेला नसल्यामुळें शिष्यवृत्तीचे पैसे येऊन पोंचले नव्हते, आणि हें कोणास विचारावें तें तिला कळत नव्हतें. तिची परीक्षा त्या वर्षीं बुडालीच. तिचें नांव पुन्हां घालण्याची खटपट त्यांनीं सुरू केली आहे. अहवालांत हें सारें चार ओळींत आलें, आणि त्यांत 'उत्साह' हा शब्द नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट. नातीस पुढील शिक्षणासाठीं नागपुरास जावयाचें आहे. घरांत याविषयीं खलबत चाललें होतें. बंधूंचें म्हणणें, मुलीनें येथेंच कांहीं करावें, सुनेस काळजी, आणि शेवटचा शब्द आमचा, कारण आम्ही वडील. सर्वांची अपेक्षा होती कीं आम्ही "हवा मानवत नाहीं" असें म्हणूं. तेव्हां अक्षय्यतृतीयेच्या जेवणानंतर सर्वांस बसवून आम्ही ती चार दिवसांची हकीकत सांगितली, आणि त्या कार्डाचीहि सांगितली. सौभाग्यवती पंचेचाळीस वर्षें आमच्या संसारांत आहेत. त्यांनाहि ती ठाऊक नव्हती. त्या म्हणाल्या, "एवढें मनांत ठेवून बसलांत?" बंधू बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "दादा, जाऊं दे तिला." नातीनें मात्र वेगळाच प्रश्न विचारिला : "आजोबा, त्या सालेकशाच्या बाई आतां कोठें असतील?" यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. शोध चालविला आहे. सांपडल्या तर काय बोलावें, हेंहि अजून ठरत नाहीं. सुभाषित सांगणार नाहीं, एवढें नक्की.

मामा-मामी आतां हयात नाहींत. त्यांच्या नागपुरांतील घरीं त्यांचा नातू राहतो. आम्ही त्यास दूरध्वनि करून विचारिलें, "आमची नात तिकडे येते आहे. ती वसतिगृहांतच राहील. पण तिच्याबरोबर दुसऱ्या गांवच्या, दुसऱ्या घरच्या मुली असतील. त्यांपैकीं कोणी आजारी पडली, तर तुमच्याकडे एक खोली मिळेल काय?" तो म्हणाला, "आजोबा, यांत विचारायचें काय?" एकोणतीस वर्षांपूर्वीं विचारिलें असतें, तर मामीहि कदाचित् तेंच म्हणाल्या असत्या.

आमची वाचकांस एवढीच विनंती. आपल्या आळींत कोणी विद्यार्थी खोली करून राहत असेल. त्याचें नांव विचारून ठेवा. दोन दिवस तो दिसला नाहीं, तर घरांतील एखाद्या मुलास जिना चढून वर पाठवा. विद्यापीठाच्या अहवालांत या गोष्टीस रकाना असो वा नसो.